मार्थाची खिडकी

मार्थाच्या खिडकीचे गज हल्ली चकाकतात. येणारा-जाणारा त्यांना हात लावून क्रूसाची खूण करतो. खाली मेणबत्त्या आणि झेंडूचे हार असतात. जन्मापासून पायांनी अधू असलेल्या आणि याच खिडकीशी खाटेवर आयुष्य काढलेल्या आमच्या वसईच्या या बाईला संतपद मिळावं म्हणून चर्चने चौकशी सुरू केली आहे.

ती होती तेव्हाही आम्ही इथेच थांबायचो. रविवारी मिस्साला जाताना गजांतून आत सांगायचं, "मार्था, पोराच्या नोकरीसाठी प्रार्थना कर गं." ती हसून मान हलवायची. तिला काय, वेळच वेळ आहे, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

आज मीही गज धरला आणि गुडघेदुखीचं गाऱ्हाणं घातलं. अर्ध्यावरच जीभ अडखळली. कोणापुढे काय मागतेय मी!

तेवढ्यात तिची धाकटी बहीण फिलोमिना कट्ट्यावरचं मेण खरवडायला बाहेर आली. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिने स्वतःसाठी कधी काही मागितलं का गं?"

"मागायची ना. म्हणायची, कोणीतरी घटकाभर आत येऊन बसलं असतं तर बरं झालं असतं." फिलोमिनाने मान वर केली नाही. "दार तर उघडंच असायचं."

मी दाराकडे पाहिलं. खिडकीला लागूनच होतं, आजही उघडं. माझा हात मात्र गजावरच होता.