बंदुकीला उकळतं पाणी

माझे सासरे ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे. एकदा एक गिऱ्हाईक तावातावाने आलं. "प्रत्येक बारानंतर तेल पाजतो, तरी नळी गंजते कशी?"

सासऱ्यांनी माझ्याकडे उकळतं पाणी मागितलं. मला वाटलं, चहाला. त्यांनी अख्खी किटली नळीत ओतली!

"अहो, लोखंड आहे ते!" गिऱ्हाईक ओरडलं.

"काळ्या दारूची राख मिठासारखी ओल धरते. पाण्यानेच ती निघते. तुम्ही तिला तेलाखाली कोंडून ठेवलंत."

खालून शाईसारखं पाणी वाहिलं, हळूहळू निवळलं. तापलेली नळी बघता बघता आपोआप सुकली. तेव्हा कुठे त्यांनी तेलाचा हात फिरवला आणि नळी उजेडाकडे धरली. आतून लख्ख!

तवा ओला राहिला म्हणून जन्मभर घर डोक्यावर घेणारी मी, त्या दिवशी पाण्यालाच हात जोडले.