संकष्टी धरून अंड्यांसाठी भांडणारी अश्विनी

अश्विनीला जाऊन आज वर्ष झालं. मेसमध्ये अजूनही अंडी नाहीत.

हसू नका. तिचं हॉस्टेल सुटलं ते या अंड्यांपायीच.

सरकार बदललं तसं सांगलीतलं आमचं विद्यापीठही बदललं. सकाळची आरती कंपल्सरी झाली, हजेरीसकट. मग मेसमधली अंडी बंद. कारण काय, तर पवित्र वातावरण.

अश्विनी माझी रूममेट. मेढ्याकडची, रिटायर्ड हवालदाराची लेक. पक्की शाकाहारी, एक संकष्टी सोडायची नाही. आणि मेसच्या दारात ठिय्या दिला तो नेमका संकष्टीलाच.

तू तर अंड्याला हातपण लावत नाहीस, मी म्हटलं.

"उपास माझा हाय गं. दुसऱ्याच्या ताटावर कशाला लादू?"

घोषणाही तिचीच. ताट आमचं, मर्जी आमची.

परवानगी घेतली होती का, एवढंच विचारून तिला सस्पेंड केलं.

आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, बोलणं टाकलं. वरून हुकूम आला की पाळायचा, हे त्यांच्या अंगातच भिनलेलं. ती मिरजेत कॉट बेसिसवर राहायला लागली. रविवारी घरी फोन लावायची. आई बोलायची. मागून आप्पांचा खोकला ऐकू यायचा, तेवढ्यावर ही खूश.

"हायत तितंच," म्हणायची.

मग डेंग्यू. आप्पा हॉस्पिटलात पोचले तेव्हा तिला शुद्ध नव्हती. याचं लय वाईट वाटतं, अजून.

रक्षाविसर्जनाला आम्ही सगळे मेढ्याला गेलो. वेण्णेच्या काठावर, आपल्याकडं होतात तशी माइकवर भाषणं झाली. विद्यापीठाचे एक साहेब 'गुणी विद्यार्थिनी' म्हणाले. अंड्यांचं नाव नाही. आम्ही मागे गप्प. इथे घोषणा दिल्या तर तुम्हालाही घरी पाठवू, असा दम आधीच मिळाला होता.

शेवटी आप्पा उठले. माइक हातात घेतला. मग आमच्याकडे बघितलं.

"पोरांनो, माझी लेक काय वरडत हुती ते म्हणा. हितं कुणाची परवानगी लागत न्हाई."

आमच्या नजरा आधी साहेबांकडे गेल्या.

मग आप्पाच सावधानमध्ये उभे राहिले आणि ओरडले, "ताट आमचं!"

घोषणा त्यांना पाठ होती.

आम्ही रडत रडत पुढचं म्हटलं. साहेब खाली बघत होते.

अश्वे, तुला आम्हा सगळ्यांची श्रद्धांजली.

आप्पा बोलले गं त्या दिवशी. ऐकायला तेवढी तू नव्हतीस.