उजवीकडची बाजू

म्युनिकहून इंगोलश्टाटची गाडी सुटली आणि माझ्या जोडीदाराचा फोन आला. खांदा दुखावलाय, येत नाही. टेनिसमध्ये दुहेरी खेळणाऱ्याला याहून वाईट बातमी नाही. या स्पर्धेत एक तरी सामना जिंकला नाही, तर पुण्याला परतून क्लबात शिकवायची नोकरी धरायची, असं मी बायकोला, अनघाला, कबूल करून आलो होतो. खिडकीबाहेर हॉप्सचे (बिअरमध्ये घालतात त्या वेलींचे) उंच मांडव पळत होते. बघायचं मनच नव्हतं.

स्टेशनवर गायकवाडदादा न्यायला आले होते. मूळचे नागपूरचे, इथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. मी त्यांच्याकडेच उतरणार होतो. माझं रडगाणं ऐकून म्हणाले, "आल्झो (तर मग), घरी नंतर. आधी तुझं आनमेल्डुंग (नावनोंदणी) बघू."

क्लबात योनास नावाचा उंच जर्मन खेळाडू तसाच जोडीदाराविना बसला होता.

"तू कुठली बाजू?" त्याने विचारलं.

"डावी."

"मीही."

दुहेरीत ज्याची त्याची बाजू ठरलेली असते, समोरची सर्व्हिस तिथूनच परतवायची. उजवीकडून मी कित्येक वर्षांत खेळलो नव्हतो. पण दुसरं कोणी उरलं नव्हतं. म्हटलं, "मी उजवीकडे जातो."

संध्याकाळी वहिनींनी भाकरी आणि झणझणीत वांग्याची भाजी वाढली. घास उतरेना. त्या म्हणाल्या, "भावजी, हरलात तरी उद्या जेवण आहेच."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गेमला माझे पाय सवयीने डावीकडे वळले. आम्ही दोघं एकाच जागी उभे आणि प्रेक्षक हसताहेत. कुंपणाबाहेरून दादा ओरडले, "अरे, तिकडे!"

पहिला सेट कसाबसा घेतला. दुसऱ्याच्या शेवटी चाळीस-चाळीस झाले. अशा वेळी इथे एकच गुण खेळतात, आणि सर्व्हिस कोणी परतवायची ते आम्ही ठरवायचं. तो गुण मिळाला की सामना आमचा. मी बाजूला सरकलो. योनासने नकारार्थी मान हलवली.

"तू घे."

चेंडू समोरच्या दोघांच्या मधून निघून गेला. मग इथल्या रिवाजाप्रमाणे आम्हीच कोर्टावर झाडूसारखी जाळी फिरवून लाल माती सारखी केली.

पुढच्या फेरीत हरलो, तरी वाईट वाटलं नाही. परतीच्या गाडीत अनघाला फोन केला.

"मग नोकरीचं नाही म्हणून कळवू?" तिने विचारलं.

"कळव."

ती म्हणाली, "बरं झालं बाई. घरी बसून तू मला छळलं असतंस. आणि नवा जोडीदार?"

"पुढच्या आठवड्यातही तोच."

"डावीकडे कोण?"

"तो," मी म्हणालो, आणि हॉप्सचे मांडव निवांत बघत बसलो.