शाळेत अक्का म्हणायचं नाही

माझ्याहून दीड वर्षाने धाकटी बहीण एका जूनमध्ये माझ्याच वर्गात येऊन बसली. मी रीतसर चौथी पास होऊन पाचवीत गेले होते. तिला तिसरीतून थेट पाचवीत घातलं. डबल प्रमोशन! गल्लीभर पेढे वाटले. माझ्या पास होण्याचे पेढेही त्यातच धरले होते.

तिला पाढे कुणी शिकवलेच नव्हते. वडील माझ्याकडून पावकी-निमकी घोकून घेत, तेव्हा ती शेजारी सागरगोटे उडवत ऐकायची आणि मी अडखळले की पटकन सांगून मोकळी व्हायची. हातकणंगल्याचा मामा एकदा म्हणाला, "धाकटी कलेक्टर हुणार बघ. आन् थोरली भाकऱ्या बडवंल." सगळे हसले. मीही हसले आणि मनात डूख धरला.

शाळेच्या पहिल्या दिवशी वाटेतच तिला बजावलं, "शाळंत मला अक्का म्हणायचं न्हाय. तिथं मी तुझी कुनी न्हवं."

"आन् घरात?"

"घरात हाय की."

तिने मान हलवली. एकदा सांगितलेलं ती कधी विसरत नसे. तिची ही हुशारी तेवढ्यापुरती मला सोयीची वाटली.

श्रावणात आमच्या गणिताच्या बाई रजेवर गेल्या. बदली बाईंनी फळ्यावर अपूर्णांकाचं उदाहरण घातलं. मला आलं नाही, कुणालाच आलं नाही. धाकटी उठली, टाचा उंचावून उत्तर लिहिलं आणि वळली, तर तोंडात रक्त. पुढचा हलणारा दात पडला होता. तो तळहातावर घेऊन ती सरळ माझ्या बाकाकडे निघाली. घरी तिचा पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून कौलांवर मीच फेकायची. तिचा हात पोचायचा नाही.

मी मान खाली घालून वहीत बघत राहिले. ती थबकली. पोरी फिदीफिदी हसत होत्या. बाईंनी विचारलं, "अगं, या शाळेत तुझं कुणी आहे का?"

"न्हाय, बाई," ती म्हणाली.

आज साठी उलटली, तरी त्या "न्हाय"ची मला लाज वाटते.

संध्याकाळी परसात ती एकटीच कौलांवर दात फेकत होती. तो कडेच्या कौलावरूनच घरंगळून खाली यायचा, ती चिखलात शोधायची, पुन्हा फेकायची. अख्ख्या वर्गाला न आलेलं उदाहरण तिने सोडवलं होतं, पण शेणाचं काही तिला सुचलं नव्हतं. मी जवळ जाऊन हात पुढे केला. तिने मूठ लगेच उघडली नाही. आधी मागच्या दाराकडे पाहिलं, मग मला विचारलं,

"हितं घर हाय न्हवं?"

मी शेण आणलं, गोळी केली, फेकली. दात वरच राहिला. त्यानंतर तिचे आणखी बरेच दात पडले असणार. मला तिने एकही दाखवला नाही.