कुलूपवाडीमागचं मिठाचं चाटण

लिहू की नको असं करत महिना गेला. मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी. चाळीत कुणाच्या अंगात आलं तर मी उठून बाहेर जातो. भूतखेत मी मानत नव्हतो... आजही मानतो असं म्हणवत नाही. फक्त झालं तसं सांगतो.

बोरिवली पूर्वेला, कुलूपवाडीत आमची खोली आहे. मागे अर्ध्या तासावर जंगल. तिथल्या चितळांची पाडसं जगत नव्हती, माद्या खंगलेल्या. कॉलेजच्या सरांनी रीतसर परवानगी काढून मला आणि माझा वर्गमित्र सुनीलला काम दिलं. ठरलेल्या जागी खडे मीठ आणि खनिजांची पूड ठेवायची — याला चाटण म्हणतात — आणि येणारं प्रत्येक जनावर मोजून वहीत लिहायचं.

पहिले पंधरा दिवस एकही चितळ फिरकलं नाही. मग मी शेजारच्या गणपतकाकांना विचारलं. संपात त्यांची गिरणीतली नोकरी गेली होती. त्याआधी सुट्टीत गावी गेले की ते शिकार करायचे. आमच्या घरात कॉलेजचा फॉर्म कुणाला वाचता येत नव्हता, तेव्हा सातवी शिकलेले हे काकाच माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले होते. दुसऱ्या कुणाला विचारायचं मनातही आलं नाही.

"हरणाक आधी वास येता रे," ते म्हणाले. "रोज तूच मीठ ठेव. शर्ट एकच घाल, धुव नको. मगे ता पळाचा नाय."

तसंच झालं. तो शर्ट मी गॅलरीत खिळ्याला टांगायचो. आई नाक मुरडायची. सहा महिन्यांत कळप चौदाचा झाला. त्यात डाव्या फाटक्या कानाची एक मादी होती; तिला आम्ही 'फाटका कान'च म्हणायचो. आली तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या, मग चांगली भरली. पुढे पुढे माझ्या तळहातावरचं मीठ चाटायला लागली. रानातल्या जनावराला इतकं जवळ करू नकोस, असं सर बजावत होते. मी ऐकलं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी शर्ट खिळ्यावर नव्हता. आईने शेवटी धुवायला घेतला असेल, असं समजून मी सकाळीच दुसरा घालून सुनीलकडे गेलो, तिथून जंगलात. चार वाजता कळप आला. सुनीलने मोजून लिहिलं — चौदा. फाटका कान नेहमीसारखी पुढे आली. मी हात धरला. तिने तो हुंगला... बराच वेळ. मिठाला तोंड लावलं नाही. दोन पावलं मागे सरली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"काय रे, भांडण झालं काय तुमचं?" सुनील हळूच म्हणाला.

सहाला घरी आलो तर चुलीवर मटण. सकाळीच काकांनी पाठवलं, आई म्हणाली. नोकरी गेलेले काका मटण कुठून आणणार? मी त्यांच्या दाराशी गेलो. बाहेर गोणी होती, तिला मुंग्या लागलेल्या. आत डोकं. डावा कान फाटलेला. शेजारी बादलीत माझा शर्ट भिजत होता, पाणी लालसर.

काकांना लाज वगैरे वाटली नाही. पहाटे उजाडताना गेले होते, ठासणीची बंदूक घेऊन. दहा पावलांवर आली म्हणाले, आपणहून.

"सहा म्हयने तू पोसलंस, मगे खावक कित्याक लाजतंस?"

मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी कळप मोजला: तेरा. फाटका कान त्यात नव्हती. सरांना सांगून चाटण बंद केलं. काकांचं नाव मात्र घेतलं नाही. ते माझ्याच्याने झालं नाही.

सुनील म्हणतो, आपली मोजणी चुकली, दुसरी कुठली मादी असेल. असेलही. पण तिचा थंड, ओला श्वास माझ्या तळहातावर लागला होता, आणि तेव्हा तिला मरून दहा तास झाले होते. याचा अर्थ मला लागत नाही. ती काय हुंगत होती, तेवढं मात्र वाटतं कळतं मला. पहाटे माझ्या शर्टात कोण आलं होतं, ते तिला माहीत नव्हतं. तिच्या लेखी मीच आलो होतो.