आरतीत नुसते ओठ

माइक दिसला की माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, काय होतं कोण जाणे. परवा जयनगरच्या सभागृहात आईच्या सत्काराला बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "आईनं संसारासाठी स्वतःहून गाणं सोडलं." उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आई कोल्हापूरला दोन चित्रपटांत नायिका होती आणि आपली गाणी आपणच गायली होती. तिसऱ्याच्या वेळी निर्माता म्हणाला, गाईल दुसरी, तू नुसते ओठ हलव. आईनं ते काम नाकारलं. मग असली मानी नटी कुणालाच नको होती. लग्न होऊन ती इकडे कानडी मुलखात, बसवनगुडीत आली. पहिल्याच गणपतीला आजोबांनी बजावलं, रस्त्यावर आवाज गेला तर लोक ओळखतील, घरात सिनेमावाली आणली म्हणतील. आरतीला उभी राहा, पण आवाज नको.

म्हणून माझी आई जन्मभर आरतीत नुसते ओठ हलवत राहिली. लहानपणी मी तिच्या पदराला धरून उभी असायचे आणि मला वाटायचं, हिला गाता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आजोबा गेले, बाबा गेले, तरी आता गा असं तिला कुणी म्हणालं नाही. अण्णाही नाही. अलीकडे तिचं जुनं गाणं कुणीतरी शोधून काढलं, ते मोबाइलवर सगळीकडे फिरलं, तेव्हा कुठे त्याला आईचा अभिमान वाटायला लागला.

भाषण संपलं. मंडळाच्या चिटणीसबाईंनी तेच गाणं स्पीकरवर लावलं, आईच्या हातात माइक दिला आणि म्हणाल्या, "अक्का, स्वल्प ओठ हलवा, व्हिडिओ छान येईल."

"बंद करा ते," आई म्हणाली. "माझं मी म्हणते."

नव्वदीची बाई. तिनं गणपतीची आरती धरली. दम पुरेना, दुसऱ्या ओळीलाच आवाज फाटला. लोक खाली बघायला लागले. "आई, पुरे, लोक हसतील," म्हणत अण्णा माइक घ्यायला उठला. मी मागून त्याचा सदरा धरला.

"खाली बस," मी म्हटलं. "आजोबा मेलेत."

तो बसला. आईची आरती पुरी होईपर्यंत मी सदरा सोडला नाही.