पाटीवरची मोकळी जागा

उमरीत दुकानांच्या पाट्या रंगवणारा तो माणूस कानावर ब्रश अडकवून खालच्या आवाजात बोलतो. माल स्वतः वापरल्याशिवाय पाटीवर ‘शुद्ध’ लिहीत नाही. माझ्या शेजारच्या तूपवाल्याच्या पाटीवर त्यानं त्या शब्दाची जागा मोकळीच सोडली. गिऱ्हाईक ती मोकळी जागा वाचूनच पुढं जाऊ लागलं.

काल माझ्या दुकानावर ‘करडईचं तेल’ एवढंच रंगवून तो शिडीवरून उतरला.

“पहिला शब्द राहिला की,” मी म्हणालो.

“हाव मामा. वाटीभर तेल द्या, घरी भाजी करून बघतो.”

माझ्या घाण्यात भेसळ नाही. तरी वाटी दोनदा पुसून मगच तेल ओतलं.

आज तो अजून आलेला नाही. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकानं पाटी वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि रिकामी बाटली परत पिशवीत ठेवली.